ट्रॅव्हिसला आलेलं उत्तर

सोमवारी पार्सल आलं तेव्हा मला वाटलं हॅम आलं. ईस्टरच्या आधी गावाकडून कुणी ना कुणी धुरी दिलेलं हॅम पाठवतंच, वजनही तेवढंच होतं, आणि किराणा दुकानाची कागदी पिशवी उलटी करून तिच्यात गुंडाळायची रीतही आमच्याकडचीच. वर नाव होतं ओपल हॅकवर्थचं. गाव कॉल्डर क्रीक, मिझुरी. शिक्का मात्र एकतीस मैलांवरच्या दुसऱ्याच गावचा होता. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. चाकूनं दोरी कापली, कागद उलगडला, तर आत पितळेची पाटी. एक कोपरा वाकलेला, अक्षरांच्या खाचांत चिखल सुकलेला. 'ट्रॅव्हिस ली हॅकवर्थ टपाल कार्यालय' असं वर, आणि खाली बारीक अक्षरांत ज्या कायद्यानं हे नाव दिलं त्याचा आकडा. ही पाटी भिंतीवर चढवली त्या दिवशी शिडी मी धरली होती. पाटीखाली दोन कागद होते. एक छापील, माझ्या खासदार बायकोच्या कार्यालयाचा, वर सोनेरी गरुड. 'प्रिय श्री. ट्रॅव्हिस हॅकवर्थ, टपालसेवेबद्दलचे आपले विचार कळवल्याबद्दल आभारी आहे. आपल्यासारखे जागरूक नागरिक वेळ काढून लिहितात म्हणून मला माझं काम नीट करता येतं. कधी वॉशिंग्टनला आलात तर कार्यालयात अवश्य या.' खाली निळ्या शाईत सही, वांडा प्रुइट. दुसरा कागद वहीतून फाडलेला, ओपलच्या हातचा. 'वांडा, ट्रॅव्हिसला तुझं पत्र आलं. त्याला उत्तर देता येत नाही म्हणून मी देतेय. मी तुला तीनदा लिहिलं. दोनदा तू माझे आभार मानलेस, तिसऱ्यांदा त्याचे. पाटी भंगारात पडली होती, तिथून उचलून आणली. माझ्या घरात तो आहेच, मला पाटी नको. तू लावलीस, तू ठेव.'

मी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. माझं वाचणं अजूनही बोट ठेवून चालतं, त्यामुळे अशी वाक्यं दुसऱ्यांपेक्षा मला जास्त वेळ सोसावी लागतात. मग मी सगळं पुन्हा पिशवीत घातलं आणि ओव्हनमध्ये ठेवून दिलं. या घरात ओव्हन कुणी उघडत नाही. वॉशिंग्टनमधलं हे दोन खोल्यांचं भाड्याचं घर, सभागृहाच्या घुमटापासून सात मिनिटांवर. बावीस वर्षांत इथे कुणी भाकर भाजलेली नाही. वांडा सभा-समारंभांत उभ्या उभ्या काड्यांना टोचलेलं काहीतरी खाते आणि मी डब्यातलं सूप गरम करतो.

लपवायचं कारण एकच. तिनं या वेळी खरंच थांबायचं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी ती जाहीर करणार होती. दोन पानांचं निवेदन टेबलाच्या खणात होतं, आणि ते मी शब्दन् शब्द वाचलं होतं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या राज्यात उमेदवारीचे अर्ज घेणं बंद होतं. अर्ज द्यायला उमेदवाराला स्वतः राज्याच्या राजधानीत जावं लागतं. ती मंगळवारी तिथे गेली नाही की झालं, आम्ही सुटलो. मी पंच्याहत्तर वर्षांचा आहे. आमच्या ओढ्याकाठच्या जमिनीवर देवदार माजलेत, गोठ्याचं छप्पर एका अंगाला बसलंय, आणि मी इथे मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर डाव्या, घाईवाल्यांच्या बाजूला उभा राहिलो म्हणून पोरीसोरींची बोलणी खातो. मला घरी जायचं होतं. आणि वांडाला मी ओळखतो. तिला दुखलं की ती थांबत नाही, ती कायदा मांडते. ही पाटी पाहिली की ती म्हणणार, आता तर मला राहायलाच हवं.

दर दोन वर्षांनी हेच. पहिल्यांदा म्हणाली, एक खेप, नुसतं बघून येऊ. मग म्हणाली, एका खेपेत संडास कुठे आहे तेवढंच कळतं. मग समितीत जागा मिळाली, ती सोडून कसं यायचं. मग आमचा पक्ष हरला, आता पळ काढला असं दिसेल. मग आमचा पक्ष जिंकला, आता कुठे काही करता येईल. एकदा ती चुलत्याच्या दफनाला उभी असताना माझ्या कानात म्हणाली, डेल, आणखी एकदाच. मी तिच्या दंडाला धरलं होतं, मला वाटलं रडतेय म्हणून. अशा अकरा निवडणुका झाल्या. प्रचाराच्या बोर्डांचे खुंट अकरा वेळा मी ठोकले आणि अकरा वेळा उपटले. शेवटच्या दोनदा तर मी तेच खुंट टोमॅटोला लावले होते, ते काढून पुन्हा तिच्या नावाला लावले.

तिच्या मतांशी माझं भांडण कधीच नव्हतं. आम्ही एकाच चर्चच्या बाकांवर वाढलो. सरकारनं आपल्या परसात फार डोकावू नये, माणसानं आपलं ओझं आपण उचलावं, बंदूक घरात असावी आणि पोटातलं पोर जन्मू द्यावं, यावर आमच्यात एका संध्याकाळचाही वाद झाला नाही. ती गुरांच्या खाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. जिल्ह्यानं नव्या कचेरीसाठी कर लावायचं ठरवलं तेव्हा ती सभेत उठली आणि म्हणाली, जुन्या कचेरीचं छप्पर गळतं म्हणता, माझंही गळतं, मी बादली ठेवते. लोक इतके हसले की कराचा ठराव पडला. तिथून तिचं सगळं सुरू झालं, त्या बादलीपासून. लोक अजूनही तिला बादलीवाली बाई म्हणतात आणि तिच्या मिरवणुकीत बादल्या वाजवतात. मला आता बादलीचा आवाज सहन होत नाही.

ती निवडून आली त्या हिवाळ्यात मी वाचायला शिकलो. तोवर मला माझं नाव काढता यायचं, तेही नांगर ओढल्यासारखं. माझ्या बापानं मला नवव्या वर्षी शाळेतून काढून सॉ मिलवर, लाकूड कापायच्या गिरणीवर नेलं, आणि मला वाईट वाटलं नव्हतं. अक्षरं माझ्यासमोर कधी स्थिर उभी राहायची नाहीत, लाकूड राहायचं. पण वांडा खासदार झाली आणि गावाकडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्रांचा ढीग लागू लागला. ती आठवड्यातले चार दिवस इथे, मी तेव्हा अजून तिकडेच. एका शनिवारी ती आली, पत्रं तशीच पडलेली पाहिली आणि म्हणाली, "निदान पेन्शनची वेगळी आणि शिव्यांची वेगळी करून ठेवत जा." मी म्हणालो, "शिव्या ओळखता येतील. पेन्शनचं शिकव." तिनं शिकवलं. पहिली बाराखडी म्हणजे तिच्याच प्रचाराचे बोर्ड, कारण ती अक्षरं हातभर होती आणि हलत नव्हती. त्यामुळे आयुष्यात मी नीट, न अडखळता, वळणदार लिहायला शिकलो ते पहिलं नाव माझं नव्हे, तिचं. वांडा प्रुइट. कोंबड्यांच्या खुराड्यावर, पिठाच्या पिशव्यांवर, गाडीच्या धुळीत, कुठेही मी ते काढायचो.

आणि मी एकट्यानं, कुणालाही न विचारता वाचलेलं पहिलं पत्र ओपलचं. तिचा एकुलता एक मुलगा वाळवंटातल्या लढाईत मारला गेला होता, एकवीस वर्षांचा. गावच्या पोस्टाला त्याचं नाव देता येईल का, एवढंच तिनं विचारलं होतं. ते एक पान वाचायला मला सबंध सकाळ लागली. वांडा त्या आठवड्यात येणार नव्हती आणि एका आईला दहा दिवस थांबवणं मला बरं वाटेना. मी पाच ओळी लिहिल्या. ट्रॅव्हिस सॉ मिलवर जत्रेत मांडायच्या त्याच्या डुकराखाली पसरायला लाकडाचा भुसा न्यायला यायचा. पोती भरून झाली की न सांगता जमीन झाडून जायचा. असा दुसरा मुलगा पाहिला नाही. पोस्टाचं काम होईल. खाली वांडाची सही केली. चांगली आली. वांडा आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझीच बरी दिसते. माझी म्हणजे औषधाची चिठ्ठी." पुढे वॉशिंग्टनच्या कार्यालयात सहीचं यंत्र आणलं, बोटात पेन धरल्यासारखा एक दांडा असतो आणि तो दिवसभर सह्या करतो. त्याला नमुना हवा होता. ती दौऱ्यावर होती. कोऱ्या कागदावर दहा सह्या मी केल्या आणि पाठवल्या. त्यांनी त्यातली सातवी निवडली. त्यानंतर पत्रं माझ्या टेबलावर यायची बंद झाली.

पोस्टाचं काम मात्र झालं. आमच्याकडे पोस्टांना नावं देण्याचे कायदे कसे होतात हे ज्याला माहीत आहे त्याला हसू येईल. राज्यातल्या सगळ्या खासदारांनी, दोन्ही पक्षांच्या, आधी सही द्यायची असा रिवाज आहे. मग कुणी विरोध करत नाही, एकमेकांच्या मयतांबद्दल दोन शब्द बोलतात आणि मंजूर. जे लोक एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत ते यावर एकत्र येतात. वांडाच्या नावावर बावीस वर्षांत सात कायदे झाले, सातही पोस्टांचे. वर्तमानपत्रवाले चिडवायचे. ती म्हणायची, कायदे कमी केले म्हणून कुणी खासदाराला शिव्या देतं का, मला त्यासाठीच पाठवलंय. आणि मला ते पटायचं. सरकार लहान हवं, हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य. खर्च कापायचं विधेयक आलं तेव्हा तिनं हो म्हटलं, मीही टीव्हीसमोर मान हलवली. मग कॉल्डर क्रीकच्या पोस्टाचे तास चारावर आले, मग दोनावर. मग पोस्टमास्तरीण निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलं नाही, आणि इमारत ज्याची होती त्यानं तिथे मासेमारीच्या गळांचं आणि गांडुळांचं दुकान टाकलं. त्या अख्ख्या खोऱ्यात सरकार म्हणजे एक खोली होती, एक खिडकी आणि खिडकीमागे एक बाई. सरकार लहान करता करता जे सगळ्यात लहान होतं तेच आम्ही बंद केलं. हे मला सोमवारी ओव्हनचं दार लावताना सुचलं, आणि स्वतःचाच राग आला. सुचायचं ते सहा वर्षांपूर्वी.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ती यायची, बूट काढायची, पाय चोळायची, मी सूप द्यायचो. ओव्हनकडे माझी पाठ. मला वाटत होतं पितळेचा वास येतोय. पितळेला वास नसतो हे मला माहीत आहे, पण यायचा, आणि त्यात गांडुळांचा मिसळायचा. दोन दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर चिडत राहिलो आणि ती समोर आली की विचारत राहिलो, मीठ बरोबर आहे का.

गुरुवारी तीनच्या सुमाराला ती बूट बदलायला घरी आली. फोन कानाला होता आणि आवाज स्पीकरवर. पलीकडे प्रेस्टन, तिच्या कार्यालयाचा मुख्य, पन्नाशीचा माणूस, बोलतो मात्र कायम सुतकात असल्यासारखा.

"खासदारबाई, उद्याचं निवेदन मी छापायला दिलेलं नाही अजून. मुद्दामच."

"का?"

"तुमच्या जागेवर कोण उभं राहतंय ते बघितलंत ना. तो गालिचेवाला. त्याला आपल्या मतदारसंघात जिल्हे किती ते माहीत नाही. फक्त दोन वर्षं काढा. दोन वर्षांत मी माणूस तयार करतो."

"दोन वर्षांपूर्वीही तू हेच म्हणालास."

"तेव्हाचा माणूस दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, त्यात माझा काय दोष? अर्ज भरायला मंगळवारचं विमान धरून ठेवलंय. नको असेल तर सोडू."

तिनं एक बूट हातात धरला होता. माझ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे. "धरून ठेव," ती म्हणाली. "धरून ठेवायला काय जातं."

फोन बंद झाला. मी सूप ढवळत होतो. पळी खाली ठेवली.

"बोल," ती म्हणाली. "मान लाल झालीय तुझी."

"मी काय बोलू. मी खुंट ठोकतो."

"नुसतं विमान धरून ठेवलंय, डेल."

"अकरा वेळा नुसतंच होतं."

"तो गालिचेवाला चालेल तुला?"

"बोर्डावर घोडा लिहिलेला असला तरी चालेल मला. घोडा निदान घरी येतो."

ती हसली नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो. तीन दिवस मी ज्या गोष्टीला घाबरून गप्प होतो ती गोष्ट पाटीवाचूनच होणार होती, मग मी ते पितळ कशासाठी भाजत ठेवलं होतं? मी ओव्हन उघडला, पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. जरा जोरात ठेवली असेन. वाकलेला कोपरा लाकडात रुतला.

तिनं पाटी वाचली. छापील पत्र वाचलं. ओपलचा कागद वाचला. ती भराभर वाचते, बोट लागत नाही तिला, म्हणून लगेच संपलं. मग तिचा चेहरा घट्ट झाला, अगदी मला वाटलं होतं तसाच, आणि हात फोनकडे गेला.

"हे कधी आलं?"

"सोमवारी."

"आणि तू ओव्हनमध्ये ठेवलंस." ती फोनमध्ये नंबर शोधत होती. "प्रेस्टनला सांगते. ओपलच्या पत्रावर वर ट्रॅव्हिसचं नाव असणार, कुणीतरी तेच नाव उचललं आणि यंत्रात घातलं. त्या पोराला आजच काढते मी. आणि पोस्ट उघडायचं विधेयक मांडता येईल, डेल, या सत्रात नाही, पण पुढच्या—"

"पुढच्या," मी म्हणालो.

तिचं बोट थांबलं.

"कुणाला काढणार? कार्यालयातली दोन पोरं मिळून यंत्र चालवतात ते. त्यांनी नाव घातलं, यंत्रानं सही केली. सही कुणाची आहे ती?" मी छापील पत्र तिच्यापुढे सरकवलं. "बघ नीट. व्हीसारखा तो डब्ल्यू. शेवटच्या टीची आडवी रेघ. कुणाची?"

तिला कळलं. मलाही ते सोमवारीच कळलं होतं, पण तोंडानं म्हणेपर्यंत ते कळणं नव्हतं. बावीस वर्षं मी तिच्यावर वैतागत होतो की ती लोकांना यंत्राकडून उत्तरं देते. ते यंत्र म्हणजे मी. सातवी सही. ज्या हातानं ट्रॅव्हिसच्या भुशाबद्दल लिहिलं त्याच हातानं त्याला आता वॉशिंग्टन बघायला बोलावलं होतं.

"तुझी," ती म्हणाली, हळू.

ती खुर्चीवर बसली. एका पायात बूट, एका पायात नाही. सूप करपायला लागलं, मी गॅस बंद केला. मग तिनं खण उघडला, निवेदनाची दोन पानं बाजूला केली, त्यांच्याखालचा कोरा कागद काढला आणि पेन शोधलं. 'प्रिय ओपल' लिहिलं. तिचं अक्षर मी कित्येक वर्षांनी पाहत होतो. खरंच औषधाची चिठ्ठी.

तेवढ्यात फोन थरथरला. मतदान. पंधरा मिनिटं असतात, त्यात सभागृहात पोचून कार्ड घालायचं. तिची आई गेली ते दोन दिवस सोडले तर तिनं एकही मत चुकवलेलं नाही. दर निवडणुकीत बोर्डांवर ते लिहिलेलं असतं, मला तोंडपाठ आहे. ती उठणार म्हणून मी तिचा दुसरा बूट पुढे सरकवला. तिनं तो पायानं मागे ढकलला.

"सात मिनिटं लागतात चालायला," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"प्रेस्टनला झटका येईल."

"येऊ दे." पेन कागदावर तसंच. "काय लिहू?"

एवढी चीड आली मला तेव्हा. हिनं हजारो लोकांसमोर तासतास भाषणं केलीत, कागदाशिवाय. "लिही ना काहीतरी," मी म्हणालो. "चुकलं म्हण. तुला येत नाही का ते?"

"येत नाही," ती म्हणाली. "तू तेव्हा काय लिहिलं होतंस?"

"भुशाचं."

"मला तो आठवत नाही, डेल. शिडीखाली उभं राहून त्याच्याबद्दल वीस मिनिटं बोलले मी. एकदाही पाहिला नव्हता मी त्याला."

फोन पुन्हा थरथरला, मग प्रेस्टनचा आला, मग पुन्हा प्रेस्टनचा. तिनं तो उचलून ओव्हनमध्ये ठेवला आणि दार लावलं. आतून त्याचा आवाज येत राहिला, बादलीत माशी अडकल्यासारखा. तिनं लिहिलं. सहा ओळी, दोन खोडलेल्या. पोस्ट बंद व्हायला आपण हो म्हटलं होतं, आणि तेव्हा त्याची पाटी आपल्याला आठवलीही नव्हती. शेवटची ओळ मी उलटीकडून वाचली, बोट न ठेवता: मंगळवारी दुपारी तुझ्याकडे येते, पाटी घेऊन, तू म्हणशील तिथे लावू. मंगळवारी दुपारी कॉल्डर क्रीकमध्ये असलेला माणूस पाचपर्यंत राज्याच्या राजधानीत पोचत नाही. रस्ता तीन तासांचा आहे, आणि ओपल कुणाला जेवल्याशिवाय सोडत नाही. मी तसं बोललो नाही. तिलाही रस्ता माहीत आहे.

तिनं सही केली. मी पाहिली आणि मला खरंच हसू आलं.

"काय?"

"तिला वाटेल ही खोटी आहे. बावीस वर्षं तिनं माझीच पाहिलीय."

वांडानं ओपलचा कागद पुन्हा हातात घेतला, सही ताडून बघायला की काय कोण जाणे, आणि उलटा केला. मी तो तीन दिवसांत उलटा केला नव्हता. मी एक बाजू वाचली की दमतो. मागे एकच ओळ होती. तिनं ती वाचली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

'डेल्बर्टला सांग, भुशाचं पत्र मी परत देणार नाही. ते कुणी लिहिलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू कधी सॉ मिलवर आली नव्हतीस.'

ओव्हनमधला आवाज थांबला होता. पंधरा मिनिटं होऊन गेली असावीत. वांडानं पेन माझ्याकडे केलं आणि तिच्या सहीखालची जागा बोटानं दाखवली. माझं स्वतःचं नाव मला अजून नीट काढता येत नाही, डी पोटात जास्त फुगतो आणि प्रुइटपर्यंत जागा संपते. मी ते काढलं. वेळ लागला, पण ती उठली नाही.